सोफ्यावरचा लांडगा

घरात पाळलेला कुत्रा हा मुळात लांडगा असतो, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, आणि आपण म्होरके आहोत हे घरातल्या माणसांनी वेळीच दाखवून दिले नाही तर ती जागा कुत्रा बळकावतो, असा एक सिद्धान्त श्वानपालनात गेली पन्नासएक वर्षे मुक्कामाला आहे. जाणकार त्याला ‘डॉमिनन्स थिअरी’ म्हणतात. बाकीच्यांचे काम ‘त्याला कळलं पाहिजे बॉस कोण आहे ते’ एवढ्यावर भागते. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत कुत्रा आणणाऱ्याला हे वाक्य पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळते. सांगणाऱ्यांत शेजारी असतात, लिफ्टमधले सहप्रवासी असतात, वॉचमन असतो, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नाही ते तर असतातच असतात. सिद्धान्त समजायला सोपा, उपाय त्याहून सोपे. अडचण एवढीच, की ज्या लांडग्यांवरून तो निघाला त्यांनाही तो नीट लागू पडत नाही.

बंडखोर कुत्रा ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. तो सोफ्यावर चढतो, फिरायला नेताना पट्टा ओढतो, दार उघडले की माणसाच्या आधी बाहेर सटकतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, हाडाजवळ कोणी गेले की गुरगुरतो आणि हाक मारली की येत नाही. म्हणजे कुत्रा कुत्र्यासारखा वागला, की तो सत्ता काबीज करायला निघाला असे समजायचे. तीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला आपली शू आता होणार आहे हे झाल्यावरच कळते. पण या हिशेबात तोही कटात सामील असतो.

उतरंडीची ही कल्पना आली कोंबड्यांकडून. नॉर्वेच्या थॉर्लेइफ श्येल्डेरूप-एब यांनी खुराड्यात कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट टोचून घेते याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२१ मध्ये त्यातून एक क्रम मांडला. माणसांना तो लगेच पटला; ओळखीचा वाटला असावा. पुढे रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तिथे दहा मीटर बाय वीस मीटरच्या कुंपणात एका वेळी दहापर्यंत लांडगे ठेवलेले असत. चौरस फुटांत सांगायचे तर सुमारे २१५०, बाल्कनी धरून. एकमेकांशी नाते नाही, शिकारीला जायचे नाही, पटले नाही तर दूर निघून जायची सोय नाही. अशा लांडग्यांनी भांडणे केली नसती तरच नवल. शेंकेल यांनी ती भांडणे बारकाईने टिपली: कोण दात विचकतो, कोण कान पाडतो, नरांत वरचढ कोण, माद्यांत कोण. निरीक्षणे चोख होती. पण त्यांवरून रानातल्या लांडग्यांचे समाजजीवन ठरवणे म्हणजे ‘बिग बॉस’च्या घरात शंभर दिवस डोकावून मराठी कुटुंबसंस्थेवर प्रबंध लिहिणे होते. प्रबंध लिहिला गेला, आणि पुढची निदान दोन पिढ्या तो वाचून लोक आपापल्या घरात वागत राहिले.

या प्रसारात मोठा वाटा अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांचा. लांडग्यांवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक १९७० मध्ये आले आणि त्यातला ‘अल्फा’ लांडगा घरोघरी पोचला. मग मेक यांनी असे काही केले, जे फारसे कोणी विद्वान करत नाहीत. ते जवळ जाऊन बघून आले. १९८६ पासून अनेक उन्हाळे त्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्स्मिअर बेटावर रानटी लांडग्यांच्या एका कळपाजवळ काढले. माणसाची भीती न बाळगणारे ते लांडगे त्यांना हाकेच्या अंतरावरून बघता आले. कळप म्हणजे काय, तर एक आई, एक बाप आणि त्यांची गेल्या एक-दोन वर्षांतली पोरे. पोरे मोठी झाली की घर सोडून जातात, जोडीदार शोधतात आणि स्वतःचा संसार थाटतात. म्होरकेपणासाठी लढाई वगैरे काही नाही. पोरे आईबापांच्या मागून जातात, कारण ते आईबाप आहेत. १९९९ मध्ये मेक यांनी शोधनिबंध लिहून सांगितले, की रानातल्या कळपाला ‘अल्फा’ हा शब्द लावण्यात काही अर्थ नाही. स्वतःचे पुस्तक छापणे थांबवा, असे ते प्रकाशकाच्या मागे लागले. प्रकाशकाने ते मनावर घेतले ते २०२२ मध्ये. आपल्याकडे सोलापूरजवळचे नान्नज असो की इंदापूर-बारामतीची माळराने, तिथला लांडगाही लहानशा कुटुंबातच राहतो. पण त्याच्याकडून श्वानपालनाचे धडे घ्यावेत असे कोणा धनगराला कधी सुचले नाही. त्याला लांडग्याचे जे काही बघायचे असते ते तो मेंढरे मोजताना बघतो.

आता जरा मागे गेले पाहिजे, कारण कुत्र्याला झटके देऊन शिकवण्याची रीत लांडग्यांच्या अभ्यासाहून जुनी आहे. जर्मन पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवणाऱ्या कोनराड मोस्ट यांचे पुस्तक १९१० चे. बक्षिसाचा विचार त्यातही होता, पण पाया सक्तीचा आणि माणसाच्या वर्चस्वाचा. पोलीस आणि लष्कर यांच्या कुत्र्यांसाठी घडलेली ही रीत महायुद्धांनंतर निवृत्त प्रशिक्षकांबरोबर नागरी वस्तीत आली, आणि जे सीमेवरच्या शेफर्डसाठी होते ते दिवाणखान्यातल्या पामेरियनलाही लागू झाले. म्हणजे झटके आधीपासून चालूच होते. लांडग्यांचा दाखला नंतर सापडला, तेव्हा बऱ्याच जणांना मोठे हायसे वाटले.

१९७८ मध्ये त्यात साधूंची भर पडली. न्यूयॉर्क राज्यात न्यू स्कीट नावाचा एक ख्रिस्ती मठ आहे. तिथले साधू जर्मन शेफर्ड पाळत आणि इतरांच्या कुत्र्यांनाही शिकवत. त्यांचे पुस्तक अमाप खपले. एरवी ते प्रेमळ पुस्तक. पण त्यात ‘अल्फा रोल’ नावाचा डाव होता: मस्तवाल कुत्र्याला मानेला धरून उताणा पाडायचा आणि शरण येईपर्यंत तसाच दाबून ठेवायचा. लांडगे असेच करतात, असे त्यामागचे कारण. लांडगे असे करत नाहीत. दबलेला लांडगा आपणहून पाठीवर लोळतो आणि पोट दाखवतो. त्याला कोणी पाडत नाही. एखाद्याने खरोखरच दुसऱ्याला धरून उताणे केले, तर ते बहुधा जीव घेण्यासाठीच. तेव्हा साधूंच्या वाचकांनी आपल्या कुत्र्याला जो निरोप दिला तो ‘मी तुझा नेता’ असा नसून ‘आता तू मेलास’ असा होता. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत मठाने हा डाव मागे घेतला. पण मागे घेतलेली गोष्ट जागेवर येईपर्यंत ती बरीच पुढे गेलेली असते.

ती टीव्हीपर्यंत गेली होती. २००४ मध्ये नॅशनल जिओग्राफिक वाहिनीवर सीझर मिलान यांचा ‘डॉग व्हिस्परर’ सुरू झाला आणि २०१२ पर्यंत चालला. शांत, ठाम चेहरा, तोंडाने ‘टश्श’ असा आवाज, बोटांचा कुत्र्याच्या बरगडीला हलका टोचा, आणि तासाभराच्या आत घर उद्ध्वस्त करणारा कुत्रा गरीब गाय. हे उपाय तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घरी करू नयेत, असा इशाराही दाखवला जाई. इशाऱ्याचा परिणाम इशाऱ्यांचा होतो तेवढाच झाला. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेला २००८ मध्ये निवेदन काढून वर्चस्वाच्या नावाखालच्या उपायांपासून लोकांना सावध करावे लागले. निवेदनाला पार्श्वसंगीत नसल्यामुळे ते फारसे पसरले नाही.

आता हा सिद्धान्त घरात कसा राबवला जातो ते बघू. पहिला नियम जेवणाचा. ‘मॅडम, आधी तुम्ही खायचं, त्याच्यासमोर. मग त्याला द्यायचं. त्याला कळतं, मोठं कोण ते,’ असे घरी येणारा ट्रेनर सांगतो. मग रोज संध्याकाळी ओट्यापाशी एक विधी होतो. कुत्र्याचा भरलेला वाडगा ओट्यावर, त्याच्या बाजूला बिस्किटाचा डबा. मॅडम डब्याचे झाकण काढतात, एक बिस्किट सावकाश, अधिकारवाणीने खातात, आणि मग वाडगा खाली ठेवतात. कुत्रा लक्ष देऊन पाहतो. चार-पाच दिवसांत एक फरक दिसू लागतो: डब्याचे झाकण वाजले की कुत्रा हॉलमधून धावत येतो, बसतो आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागते. विधी फळला, असे घरच्यांना वाटते. फळले आहेत ते इव्हान पावलोव्ह. कुत्र्याने एवढेच टिपले आहे की झाकण वाजले की जेवण येते. मध्ये बिस्किट कोण खाते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आणि लांडग्यांचे म्हणाल, तर पिल्ले लहान असताना आईबाप शिकार करून येतात आणि पोटातले ओकून आधी पिल्लांना भरवतात. नेत्याने आधी जेवायचे, ही चाल त्यांच्यात नाही. शिवाय या नियमाला मराठी घरात एक वेगळीच अडचण आहे. बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांच्या शेवटी ताटावर बसते. सिद्धान्ताप्रमाणे कळपात तिची जागा तळाला हवी आणि कुत्र्याने तिला खिजगणतीतही धरू नये. प्रत्यक्षात तो दिवसभर तिच्याच पायांत घोटाळत असतो आणि ती कोथिंबीर आणायला खाली गेली तरी दाराला नाक लावून बसतो. आधी जेवणारे यजमान घरी आले, तर तो शेपूट हलवून पुन्हा झोपतो.

दुसरा नियम दाराचा: बाहेर पडताना माणूस पुढे, कुत्रा मागे. कुत्रा पुढे घुसतो कारण बाहेर वास आहेत, मांजरे आहेत, काल संध्याकाळी कोणीतरी पार्किंगच्या खांबावर ठेवलेला निरोप आहे. पुढे जाण्यात मान असतो ही समजूत माणसाची. दायमाबादला, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ताम्रपाषाण काळातला बैलजोडीचा एक धातूचा रथ सापडला आहे. त्यात हाकणाऱ्याच्या पुढ्यात रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्याने रथ ताब्यात घेतला होता असा तर्क अजून कोणा पुरातत्त्वज्ञाने केलेला नाही.

पट्टा ओढण्याचे कारण तर त्याहून साधे. कुत्र्याला चार पाय आहेत आणि माणूस मोबाइल बघत चालतो. कुत्रा ओढतो, माणूस ओढला जातो, खांब जवळ येतो. ओढण्याचा फायदा झाला, म्हणून पुढच्या खेपेलाही ओढायचे. सोफ्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. सोफा मऊ असतो.

या सगळ्या खटाटोपात कुत्रा स्वतः काय सांगतो आहे, तिकडे कोणाचे लक्ष नसते. आणि कुत्रा तर सतत सांगत असतो. नातवाने दोन्ही हात गळ्यात टाकून घट्ट मिठी मारली आहे, आजोबा फोटो काढताहेत, ‘बघा कसा हसतोय!’ असे म्हणताहेत. फोटो मोठा करून पाहिला तर वेगळेच दिसते. कुत्र्याने तोंड दुसरीकडे वळवले आहे, पण डोळे मुलावर आहेत, त्यामुळे डोळ्यांच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. कान मागे चिकटलेले. जिभेचे टोक नाकाला लागलेले, समोर खायला काही नसताना. तोंडाची कातडी कोपऱ्यात ताणलेली. त्यालाच हसणे समजले गेले. हा कुत्रा सभ्य भाषेत ‘पुरे आता’ म्हणतो आहे. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, अंग ओले नसताना झटकणे, कोणी अंगावर आले की एकाएकी जमीन हुंगायला लागणे, हे त्याच भाषेतले शब्द. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी या खुणांची यादी करून ती लोकांपुढे ठेवली. यादीतला कोणता शब्द कशासाठी, यावर मतभेद आहेत. पण जांभई देणाऱ्या कुत्र्याला ‘कंटाळलास का रे राजा?’ म्हणून आणखी कुरवाळणे हे उत्तर नव्हे, यावर फारसे नाहीत.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, ही दुसरी ठाम समजूत. हलणारी शेपूट एवढेच सांगते की कुत्रा उत्तेजित आहे. कंबरेसकट सैल, रुंद हलते ती खुशीची. ताठ उभी राहून टोकाशी थरथरते ती सावध राहायला सांगणारी. इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये असेही आढळले, की मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या बाजूला अधिक जातो आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हा फरक रस्त्यावर डोळ्यांनी टिपायला जाऊ नये. तो टिपेपर्यंत कुत्र्याचा निर्णय झालेला असतो.

गुरगुरण्याबद्दल मात्र नीट सांगायला हवे, कारण वर्चस्ववाल्यांचे सर्वांत महाग पडणारे अज्ञान इथे आहे. गुरगुरणे म्हणजे चावणे नव्हे. न चावता भागावे म्हणून केलेली तजवीज आहे. हाडाजवळ हात आला, कुत्रा थबकला, कोणी पाहिले नाही. त्याने मान हाडावर धरली, कोणी पाहिले नाही. मग तो गुरगुरला. आता सगळ्यांनी पाहिले आणि त्याला फटका दिला. असे चार वेळा झाले की कुत्रा एक गोष्ट पक्की शिकतो: गुरगुरायचे नाही. हाडाजवळ हात येण्याची भीती तशीच राहते, फक्त तिचा आवाज बंद होतो. नंतर एक दिवस टाके पडतात आणि घरचे म्हणतात, ‘अहो, काही कारण नसताना चावला, साधा गुरगुरलासुद्धा नाही!’ ते खरेच असते. त्यांनीच त्याला तसे शिकवलेले असते.

याची मोजदादही झालेली आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारले गेले, की तुम्ही काय काय करून पाहिले आणि त्यावर कुत्र्याने काय केले. २००९ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी मारले किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांचे कुत्रे उलट अंगावर आले. अल्फा रोल करणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के, डोळ्यांत डोळे घालून दटावणाऱ्यांत ३० टक्के. सर्वांत विचार करायला लावणारा गट होता तो कुत्र्यावर स्वतः गुरगुरणाऱ्यांचा. त्यांच्यापैकी ४१ टक्के जणांना कुत्र्याने उत्तर दिले, आणि कुत्र्याचा त्या भाषेतला सराव अधिक होता.

शिक्षेचा परिणाम शिक्षा संपल्यावरही राहतो. पोर्तुगालमध्ये पोर्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी ९२ कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. झटके आणि दरडावणी यांवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत वर्गानंतर कॉर्टिसॉल जास्त वाढले होते. नंतर त्यांची आणखी एक परीक्षा घेतली गेली. खोलीच्या एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात कधीच नाही, हे कुत्र्यांना कळल्यावर वाडगा मधोमध ठेवला. बक्षिसावर शिकलेले कुत्रे ‘असेल काहीतरी’ म्हणून लगबगीने गेले. झटक्यांवर शिकलेले जास्त रेंगाळले. आज्ञाधारकपणा दोघांनाही शिकवला गेला होता. निराशा अभ्यासक्रमात नव्हती, ती फुकट मिळाली.

कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ हा सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हमखास पुढे केला जातो. बाई घरी येतात, चप्पल कुरतडलेली दिसते, ‘हे कोणी केलं?’ असा प्रश्न विचारला जातो (घरात कुत्र्याखेरीज कोणी नसतानाही), आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून, टेबलाखाली सरकतो. ‘बघा, त्याला सगळं कळतं. मुद्दाम करतो!’ अमेरिकेच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर याची शहानिशा केली. मालकाने खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला असे, कधी नसे; पण मालकाला मात्र कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. अपराधी चेहरा उमटला तो कुत्र्याने खाल्ले की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. उलट, ज्यांनी बिचाऱ्यांनी खाल्ले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सर्वांत अपराधी होते. कुत्रा चपलेचा पश्चात्ताप करत नसतो. समोरच्या माणसाचा पारा चढलेला पाहून तो विनवणी करत असतो, आणि ती विनवणी पाहून पारा आणखी चढतो.

मग कुत्रा शिकतो कसा? ज्याचा फायदा होतो ते पुन्हा करतो, ज्याचा होत नाही ते हळूहळू सोडतो. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदीर घेऊन हे आयुष्यभर तपासले. मराठी घरात ते काम आजी करतात. जेवणाच्या टेबलाखाली कुत्रा बसलेला आहे. सुनेने ताकीद दिली आहे, ‘आई, त्याला टेबलावरचं काही द्यायचं नाही हं.’ आजी देत नाहीत. सोमवारी देत नाहीत, मंगळवारी देत नाहीत. बुधवारी सून पाणी आणायला उठली की पोळीचा तुकडा अलगद खाली जातो. मग पुन्हा दोन दिवस काही नाही. शनिवारी थालीपिठाची कड. कधी मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते, हे स्किनर यांना आलेख काढून सिद्ध करावे लागले. आजींनी रोज नेमाने तुकडा टाकला असता आणि एक दिवस बंद केला असता, तर कुत्रा आठवड्याभरात उठून गेला असता. आता तो वर्षभर बसेल. सून म्हणते हा हट्टी आहे. ट्रेनर म्हणतो डॉमिनेट करतोय. आजी काही म्हणत नाहीत.

वेळेचेही असेच. बक्षीस असो की नकार, तो कृतीला लागून, सेकंद-दीड सेकंदात पोचला तरच त्याचा संबंध जुळतो. पार्कमध्ये सुटलेल्या कुत्र्याला वीस हाका मारल्या जातात, एकविसाव्या हाकेला तो येतो, आणि आल्याबरोबर त्याला रट्टा मिळतो. शिक्षा पळण्याची, असे मालकाचे म्हणणे. कुत्र्याच्या हिशेबी ती परत आल्याची. पुढच्या वेळी तो तिसाव्या हाकेला येतो. ‘सिट’ हा शब्द सहा वेळा म्हणण्याची पद्धतही अशीच घरोघरची: ‘सिट, सिट, सिट, अरे सिट, सांगितलं ना सिट, सिट!’ कुत्रा प्रामाणिकपणे समजतो की हा सगळा मिळून एकच लांब शब्द आहे आणि तो संपायची वाट बघायची असते.

वर्चस्व नावाची गोष्टच खोटी, असे मात्र म्हणता येणार नाही. तसे म्हणणाऱ्यांनी दुसरे टोक गाठले आहे. प्राणिशास्त्रात तिला अर्थ आहे: दोन ओळखीच्या प्राण्यांमध्ये एखाद्या गोष्टीवरून वारंवार ताण आला आणि दर वेळी एकाच प्राण्याने माघार घेतली, तर त्या नात्याला वर्चस्वाचे म्हणतात. ते दोघांतल्या नात्याचे वर्णन आहे, कुत्र्याच्या कुंडलीतला ग्रह नव्हे. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीत इटालियन संशोधकांना अशी उतरंड सापडली, आणि वरच्या जागी बहुधा वयाने मोठे कुत्रे होते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका निवाऱ्यात एकत्र मोकळ्या राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये सलग उतरंड काही दिसली नाही. प्रत्येक जोडीचा आपापला व्यवहार होता. दोन्ही ठिकाणी बघितले गेले ते कुत्र्याकुत्र्यांचे आपसात. त्यात फ्लॅटमालकाला पद नव्हते.

माणसाशी कुत्र्याचे काय असते, याची चांगली माहिती आपल्या रस्त्यांवर मिळते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतीय रस्त्यांवरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी अनोळखी भटक्या कुत्र्यांसमोर दोन वाडगे ठेवून एकाकडे बोट दाखवले. सुमारे निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत. माणूस म्हटले की काय होऊ शकते याचा त्यांना अनुभव असावा. पण जे आले, त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवले त्या वाडग्याकडे धाव घेतली, कोणत्याही शिकवणीशिवाय. दुसऱ्या प्रयोगात काही कुत्र्यांना रोज खाऊ दिला आणि काहींना रोज डोक्यावरून हात फिरवला. अनोळखी माणसावरचा विश्वास वाढला तो हात फिरवलेल्यांचा. चौकातल्या पानाच्या टपरीवाल्याला याचे काही विशेष वाटणार नाही.

नव्या पद्धतीचे प्रशिक्षक घरी आले की पहिला प्रश्न डॉक्टरकडे जाऊन आलात का, असा विचारतात. काल-परवापर्यंत लाडात असलेला कुत्रा अचानक डोक्याला हात लावू देईना, तर त्याला सत्ता नको असते. कान दुखत असतो. म्हातारा कुत्रा सोफ्यावरून उतरवताना दात दाखवतो तेव्हा कंबरेचा एक्स-रे काढावा.

आणि दुखणे नसेल, तर तक्रार बहुधा दारावरच्या घंटेची असते. ती सोडवण्याची रीत कंटाळवाणी आहे, म्हणून टीव्हीवर येत नाही. दारापासून सात-आठ फुटांवर एक सतरंजी टाकायची. कुत्रा तिच्यावर आपणहून गेला की लगेच चिमूटभर उकडलेले चिकन किंवा पनीर, त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करून. मग घंटेचा आवाज मोबाइलवर, अगदी बारीक, आणि तो वाजताच सतरंजीवर खाऊ. मग थोडा मोठा. मग घरातल्याच कोणीतरी बाहेर जाऊन खरी घंटा वाजवायची. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटे, काही आठवडे. मध्येच एखादे काका येतात, ‘असू दे, असू दे, मला आवडतं!’ म्हणत छातीवर उडी घेऊ देतात, आणि दोन पायऱ्या मागे जावे लागते. अखेरीस घंटा वाजली की कुत्रा जाऊन सतरंजीवर बसतो आणि खाऊची वाट बघतो. घरातली बाकीची चार माणसे मात्र घंटा वाजताच आपापल्या खोल्यांतून एकदम ‘कोण आहे?’ असे ओरडत राहतात, आणि त्यांच्यासाठी सतरंजीचा उपाय अजून कोणी करून पाहिलेला नाही.